रेडिओलॉजी शिकवणाऱ्यांच्या संशोधनाचा प्रभाव कसा मोजावा

परळच्या एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात माझं टेबल आहे. बढतीची फाइल जायच्या आदल्या दुपारी कुणीतरी डॉक्टर धापा टाकत येतात. “मॅडम, माझा एच-इंडेक्स पटकन सांगा ना.” एच-इंडेक्स म्हणजे तुमच्या पेपरांचा संदर्भ किती वेळा दिला गेला यावरून काढलेला आकडा. तो पटकन सांगता येतो, पण त्यांचाच असेल याची खात्री नसते. म्हणून आकडा नंतर, आधी नाव.

आपल्याकडे नावांचा घोळ फार. ‘एस. पाटील’ टाकून बघा. सुनीता, संदीप, शरद सगळे एका रांगेत, त्यात रेडिओलॉजीवाले, अस्थिरोगवाले आणि उसावर संशोधन करणारेही. कुणी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतं, कुणी नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे पेपर तर दोन वेगळ्या माणसांच्या नावावर पडतात. एका मॅडमच्या यादीत मीच एकदा सोनोग्राफी प्रशिक्षणावरचा पेपर घुसवला होता. त्यांनी वर्ष पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, तेव्हा मी बारावीत होते!”

तेव्हा पहिली पायरी म्हणजे स्वतःच्या हाताने यादी करणं: शीर्षक, नियतकालिक, वर्ष, लेखकांमधला तुमचा क्रम आणि डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक. मग ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक, घ्या. हा १६ अंकी क्रमांक २०१२पासून मिळतो, मोफत आहे आणि आडनाव बदललं तरी तोच राहतो. गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधन-लेख शोधायच्या सेवेवर, प्रोफाइल करताना ‘नवे लेख आपोआप जोडा’ हा पर्याय बंद करून ‘आधी मला विचारा’ हा निवडा, नाहीतर ऊस पुन्हा उगवतो.

दुसरी पायरी, मोजायचं कुठे ते ठरवणं. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदेतले निबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर) सगळं धरतं, त्यामुळे तिथला आकडा बहुधा फुगलेला दिसतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या संशोधन-लेखांच्या सूची निवडक प्रकाशनांतूनच मोजतात. स्कोपसची वर्गणी नसली तरी लेखकाचं पान उघडतं. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या सूचीत, एच-इंडेक्स शोधू नका, तिथे तो मिळत नाही. एकीकडून सायटेशन (एखाद्या पेपरने तुमच्या पेपरचा दिलेला संदर्भ) आणि दुसरीकडून एच-इंडेक्स अशी खिचडी करू नये. प्रत्येक आकड्यापुढे कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते लिहा.

आता हिशेब. एच-इंडेक्स होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५मध्ये सुचवला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत पेपरची सायटेशन त्याच्या क्रमांकाइतकी किंवा जास्त असतात, तो शेवटचा क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. समजा आठ पेपर आहेत: ४२, १९, ११, ७, ५, ५, २, ०. पाचव्या पेपरला ५ सायटेशन आहेत, सहाव्याला ६ हवी होती, ती नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ५. दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर तीन, म्हणून आय-टेन ३. एकूण सायटेशन ९१. आता पाच-पाचवाल्या दोन्ही पेपरांतून स्वतःच स्वतःला दिलेलं एकेक सायटेशन वजा करा, एच-इंडेक्स ४ वर येतो. स्कोपसमध्ये ही वजाबाकी बटणावर होते, गूगल स्कॉलरमध्ये स्वतः बसून करावी लागते.

इथपर्यंत कारकुनी झाली. खरं काम पुढे आहे आणि ते बहुतेक जण टाळतात: सायटेशन वाचणं. तुमचा संदर्भ देणारा पेपर उघडा, त्यात तुमचा संदर्भक्रमांक शोधा आणि ते वाक्य वाचा. ‘यावर बरंच काम झालं आहे’ असं म्हणून चौदा संदर्भांच्या गठ्ठ्यात तुम्हाला कोंबलेलं असेल, तर ती नुसती हजेरी. पण एखाद्याने तुमची छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट तपासायची गुणपद्धत घेऊन आपल्या रेसिडेंटवर वापरली असेल, तर असं एक सायटेशन गठ्ठ्यातल्या दहांना भारी. टीका करणारी सायटेशनही मोजली जातात, हे विसरू नका. मी पेपरांच्या यादीत एक जादा रकाना ठेवते: वापरलं, नुसतं उल्लेखलं, खोडलं.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर तुमच्या नावापुढे लावू नका. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना त्या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. तो नियतकालिकाचा असतो, माणसाचा नाही. माणसं किंवा त्यांचे पेपर जोखायला तो वापरू नये, असं संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१३मध्येच बजावलं आहे.

शेवटी रेडिओलॉजी शिक्षणाची अडचण. रात्रपाळीचा रेसिडेंट तुमचा सीटी शिकवणारा लेख मोबाइलवर वाचतो, निदान करतो आणि झोपतो. तो पेपर लिहीत नाही, म्हणजे सायटेशन शून्य. म्हणून इतर पुरावेही गोळा करा: कुठल्या विभागाने तुमची केस-फाइल वर्गात घेतली त्याचं पत्र, कार्यशाळेचं वेळापत्रक, प्रकाशकाच्या पानावरचे डाउनलोड. तुलना करायची तर शिक्षणावर लिहिणाऱ्या, तितकीच वर्षं झालेल्यांशी करा. कृत्रिम बुद्धिमत्तेवर पेपर काढणाऱ्या शेजारच्या सहकाऱ्याशी नको.

फाइलमध्ये एवढं लिहिलं तरी पुरे: “गूगल स्कॉलर, १५ मार्च. पेपर ८, सायटेशन ९१, एच-इंडेक्स ५, स्वतःची सायटेशन वगळून ४. गुणपद्धत इतर दोन कॉलेजांत वापरात, पत्रं सोबत.” आणि पत्रं खरोखर सोबत जोडा, तीच घरी राहतात.