फोटोतलं विमान साधं हॉक की नौदलाचं गॉशॉक, कसं ओळखायचं

वायुसेनेच्या सूर्यकिरण टीमचा एअर शो बघितलेल्या माणसाला अमेरिकन नौदलाच्या टी-४५ गॉशॉकचा फोटो दाखवला तर तो हमखास म्हणणार, अरे हे तर आपलंच हॉक. आणि तसं वाटणारच, कारण दोघांचं मूळ एकच, १९७४ मध्ये पहिल्यांदा उडालेलं ब्रिटिश हॉक. पण गॉशॉक हे विमानवाहू बोटीवर उतरायला शिकवण्यासाठी मुद्दाम बदलून घेतलेलं ट्रेनर आहे, १९८८ ला त्याचं पहिलं उड्डाण झालं, आणि ते बदल नीट कळले की परत कधी घोळ होत नाही.

रंगावर जाऊ नका. गॉशॉक पांढरं-केशरी, सूर्यकिरणचं हॉक लाल-पांढरं, लांबून काढलेल्या फोटोत दोन्ही सारखीच दिसतात.

आधी पुढचं चाक बघा. हॉकला नाकाखाली एकच चाक असतं, गॉशॉकला जोडचाक, आणि त्याच्या पुढे एक दांडा असतो, लाँच बार म्हणतात त्याला. बोटीवरचं कॅटापल्ट हाच दांडा धरून विमान पुढे फेकतं, म्हणजे सगळा हिसका त्या पुढच्या पायावर येतो, म्हणून तो पाय असा जाडजूड केलाय.

चाकं आत घेतलेली असतील तर मग पोटाकडे बघायचं. हॉकला शेपटीखाली दोन छोटे पंख असतात, गॉशॉकला मधोमध एकच आणि त्याच्या मागे हूक. हा हूक डेकवरच्या तारेत अडकतो आणि विमान थांबतं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो एअरब्रेकचा, म्हणजे हवेत उघडून वेग कमी करणाऱ्या फळीचा बदल. हॉकचा एअरब्रेक मागच्या बाजूला पोटाखाली आहे, चाकं खाली असताना तो उघडता येत नाही, धावपट्टीला घासेल ना. लांब रनवेवर त्याने काही बिघडत नाही, पण बोटीवर उतरताना तार हुकली तर त्याच क्षणी परत उडावं लागतं आणि जेट इंजिन कमी वेगावरून फुल पॉवरला यायला वेळ घेतं, म्हणून येतानाच इंजिन चढं ठेवायचं आणि वेग ब्रेकने आवरायचा असं करावं लागतं, आणि त्यासाठीच गॉशॉकला शेपटीजवळ दोन्ही बाजूंना दोन एअरब्रेक दिलेत जे लँडिंगलाही उघडे ठेवता येतात. फोटोत मागे दोन्हीकडे फळ्या उघडलेल्या दिसल्या की समजा गॉशॉकच आहे.

व्हिडिओ असेल तर टेकण्याचा क्षण बघा. नौदलाचा पायलट शेवटच्या सेकंदाला नाक उचलून अलगद टेकवत नाही, ज्या उतारावर येतोय त्याच उतारावर सरळ आदळतो आणि टेकताच थ्रॉटल पुढे ढकलतो. जमिनीवरच्या सरावातसुद्धा हेच, म्हणून गॉशॉकचे पाय एवढे मजबूत.

आता आपल्याकडचं. भारतीय नौदलाने २०१३ ला विशाखापट्टणमच्या आयएनएस डेगा या विमानतळावर हॉक घेतली ती एमके १३२ प्रकारची, म्हणजे वायुसेनेकडे बिदरला आहेत तीच. हूक नाही, लाँच बार नाही, त्यामुळे ती बोटीवर उतरत नाहीत आणि आकारावरून वेगळी ओळखूही येत नाहीत, अंगावरच्या खुणाच वाचाव्या लागतात. बोटीचं खरं शिक्षण गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर, दोन सीटच्या मिग-२९केयूबीवर होतं, तिथे जमिनीवरच स्की-जंप (टोकाला वर वळलेला चढ) आणि तारा लावलेला डेक बांधलाय. या मिगला हूक दिसेल पण लाँच बार शोधू नका, आपल्या विक्रमादित्य या विमानवाहू बोटीवर कॅटापल्टच नाही, विमान स्वतःच्या जोरावर त्या चढावरून उडतं. (आपले काही नौदल पायलट अमेरिकेत जाऊन गॉशॉकवरही शिकून आलेत, तेव्हा अशा फोटोत भारतीय माणूस दिसला म्हणून विमान आपलं समजू नका.)

नजर बसवायची असेल तर गोव्यात बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियमला जा. तिथे सी हॉक (नावात हॉक असलं तरी हे वेगळंच, जुनं लढाऊ विमान) आणि सी हॅरियर दोन्ही उभी आहेत, बोर्ड न वाचता आधी शेपटीखाली वाकून बघा. सी हॉकला हूक सापडेल, जुन्या विक्रांत बोटीवर ते तारेतच अडकायचं. सी हॅरियरला सापडणार नाही, ते हवेत थांबून सरळ खाली उतरायचं, त्याला तार लागायचीच नाही.