अकूस्टिक गिटारचं मिक्सिंग: आधी ईक्यूची छाटणी, मग कॉम्प्रेसर

घरी माइक लावून रेकॉर्ड केलेली अकूस्टिक गिटार एकटी ऐकली तर भरदार वाटते. गाण्यात बसवली की घुमते आणि गायकाचा आवाज झाकते. मग घाईघाईनं ईक्यूत (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारं साधन) वरचा भाग चढवला जातो, कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) दाबून लावला जातो आणि गिटार आणखी कोंदट होते. कारण साधं आहे. कॉम्प्रेसरला तारा वेगवेगळ्या ऐकू येत नाहीत, त्याला एकूण जोर कळतो, आणि जोर सगळ्यात जास्त खालच्या तारांत असतो. जाड ई तारेचा एक ठोका थ्रेशोल्ड (जिथून दाब सुरू होतो ती पातळी) ओलांडतो आणि त्यापायी अख्खा कॉर्ड खाली दबतो. वरच्या तारांची चमकही त्यात गेली. म्हणून क्रम असा ठेवा: नको ते आधी कापा, मग कॉम्प्रेसर लावा, आणि काही वाढवायचंच असेल तर ते त्यानंतर.

रेकॉर्डिंग करताना

नागपुरात उन्हाळा लागला की घरोघरी कूलर सुरू होतात, आणि कूलर हा घरच्या रेकॉर्डिंगचा पहिला वैरी. त्याचा आवाज खालपासून वरपर्यंत पसरलेला असतो, ईक्यूनं कापायला गेलात तर गिटारही कापली जाते. शिवाय कॉम्प्रेसरनंतर आवाज 4 डीबी (डेसिबल) वर उचलला, तर दोन सुरांमधल्या शांततेतली कूलरची घरघरही तेवढीच वर येते. तेव्हा टेकपुरता (एका सलग रेकॉर्डिंगपुरता) कूलर बंद, पंखाही बंद, मग कितीही उकडू द्या. रात्री उशिरा किंवा पहाटे बसणं सगळ्यात बरं. गिटार कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, दमट हवेनं लाकडाचा आवाज बदलतो आणि तारांचा सूर हलतो.

माइक 12व्या फ्रेटसमोर, साधारण 25–30 सेंटिमीटरवर ठेवा. तो साउंडहोलसमोर नेला की घुमणं सुरू झालंच म्हणून समजा. कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त पकडणारा) माइक तर जितका जवळ न्याल तितका खालचा आवाज फुगवतो. 24 बिटवर रेकॉर्ड करत असाल तर मीटरची सगळ्यात वरची उसळी उणे 10 डीबीच्या आसपास राहिली तरी भरपूर झालं.

पायरी 1: गिटारचं काम ठरवा

गिटार एकटीच आहे की गाण्यामागे, हे आधी ठरवा. पुढचे सगळे आकडे यावर बदलतात. गाण्यामागे असेल तर सोलो बटण दाबून (फक्त गिटार ऐकत) ईक्यू करत बसू नका, गायकाचा ट्रॅक चालू ठेवूनच ऐका. मुखड्यात बोटांनी पिकिंग आणि अंतऱ्यात स्ट्रमिंग असेल, तर दोन्ही भाग वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि त्यांचा आवाज हातानं जुळवा. हा फरक एकाच कॉम्प्रेसरच्या गळ्यात मारला की दोन्हीकडे बिघडतो.

पायरी 2: तळ साफ करा

प्रमाण ट्यूनिंगमध्ये जाड ई तार 82.4 हर्ट्झला (सेकंदाला तेवढी कंपनं) वाजते. त्याखाली गिटारचा सूर नसतोच. असते ती माइकच्या स्टँडला लागलेली ठेच, फरशीची धडधड, आणि नागपुरातल्या अजनीकडे रुळांजवळ घर असेल तर गाडीचा घरघराट. एकट्या गिटारसाठी हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या आकड्याखालचा आवाज कापणारा) 70–80 हर्ट्झला ठेवा. सोबत बास आणि तबला किंवा ढोलक असेल तर 110–140 पर्यंत न्यायला कचरू नका. सोलोत गिटार बारीक वाटेल, गाण्यात नाही वाटणार. चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) असेल तर सगळ्यात खालचा सूरच 104 हर्ट्झच्या जवळ जातो, मग फिल्टर त्याच मापानं वर घ्या.

विजेच्या गुणगुणीचं मात्र वेगळं आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तिची गुणगुण 100 आणि 150 लाही ऐकू येते. 100 ला ईक्यूनं बारीक खाच मारावीशी वाटते, पण जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटचा जी 98 हर्ट्झला आहे. खाच मारली की गुणगुण जाते आणि जी कॉर्डचा पायाही जातो. त्यापेक्षा लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, केबल बदला, खोलीतला डिमर बंद करा.

पायरी 3: घुमणं आणि डबा

घुमणं बहुधा 100 ते 250 हर्ट्झमध्ये सापडतं, डब्यात वाजल्यासारखा आवाज 300 ते 500 मध्ये. ईक्यूचा एक पट्टा 6 डीबी चढवून हळूहळू सरकवायचा आणि जिथे टोचेल तिथे कापायचं, ही पद्धत सगळे सांगतात. एक सावधगिरी: अरुंद पट्टा चढवला की कुठलीही जागा वाईटच ऐकू येते. आधी न चढवता ऐका, काय खटकतंय ते मनाशी ठरवा, मगच शोधा. सापडल्यावर 2 ते 4 डीबी कापणं पुरे. 8 डीबी कापावं लागत असेल तर माइकची जागा चुकली आहे, पुन्हा टेक घ्या.

माइकऐवजी पिकअपची (गिटारमध्येच बसवलेल्या सेन्सरची) थेट लाइन घेतली असेल तर 1 ते 3 किलोहर्ट्झमधला प्लास्टिकसारखा कडकपणा थोडा रुंद पट्ट्यानं उतरवा.

पायरी 4: कॉम्प्रेसर

रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला रीकॉम्प घ्या किंवा दुसरा कुठलाही, नॉब तेच असतात. पिकिंगसाठी सुरुवात अशी करा: रेशो (किती दाबायचं ते प्रमाण) 2.5:1, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) 25–30 मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) 120 च्या आसपास. थ्रेशोल्ड इतका खाली आणा की जोरदार सुरांवर 3–4 डीबी दाब दिसेल आणि हळुवार सुरांवर दाब दाखवणारा काटा जवळपास हलणारच नाही. स्ट्रमिंगला रेशो 4:1 पर्यंत चालतो.

सगळ्यात जास्त फरक अटॅकनं पडतो. तो 1–2 मिलिसेकंदांवर नेला की पिकचा टणत्कार दाबला जातो आणि गिटार मागे सरकते. कधीकधी तेच हवं असतं, उदाहरणार्थ पिकचा खरखराट गायकीवर चढत असेल तेव्हा. एरवी 20 च्या वरच राहा. आणखी एक हिशेब लक्षात ठेवा: जाड ई तारेचं एक आंदोलन सुमारे 12 मिलिसेकंदांचं. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून कमी ठेवले, तर कॉम्प्रेसर सुराच्या लाटेमागेच धावू लागतो आणि आवाज फाटतो.

रिलीज म्हणजे पतंगाला दिलेली ढील. वेळेवर नाही दिली तर पुढचा झटका ताणलेल्या मांज्यावरच बसतो. 90 बीपीएमच्या (मिनिटाला 90 मात्रांच्या) गाण्यात एक मात्रा 667 मिलिसेकंदांची, अर्धी 333 ची. अर्ध्या मात्रेवर स्ट्रमिंग असेल तर पुढचा फटका येण्याआधी काटा शून्यावर परतायला हवा, म्हणजे रिलीज 150–200. नीट बसला की काटा ठेक्यात डोलतो.

हे कानाला कळत नसेल तर थ्रेशोल्ड मुद्दाम खूप खाली न्या, 10–12 डीबी दाब येऊ द्या. अशा अतिरेकात अटॅक-रिलीजचा परिणाम स्पष्ट ऐकू येतो. ते जुळवून थ्रेशोल्ड परत वर आणा. मग मेकअप गेननं दबलेला आवाज भरून काढा आणि बायपास दाबून (कॉम्प्रेसर चालू-बंद करून) तुलना करा, दोन्हीकडे आवाज सारखा ठेवूनच. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, त्यामुळे कॉम्प्रेसरला फुकटचं श्रेय मिळतं.

पायरी 5: गायकाला जागा

कॉम्प्रेसरनंतर दुसरा ईक्यू. शब्द कळण्याचा मोठा भाग 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये असतो, आणि पिकचा घावही तिथेच पडतो. गिटारमध्ये तिथे रुंद पट्ट्यानं 2 डीबी उतरवा. गाणं थांबून गिटार एकटी वाजते तिथे ऑटोमेशननं (ठरल्या जागी आपोआप होणाऱ्या बदलानं) ते परत द्या. वरची झळाळी हवी असेल तर 10 किलोहर्ट्झच्या वर शेल्फ फिल्टरनं (त्यापुढचं सगळं एकत्र उचलणाऱ्या) 1–2 डीबी पुरे. तारा नव्या असतील तर तेही नको. श, स, च भरपूर असलेल्या ओळीत गिटारही चमकत असली की कानाला त्रास होतो.

शेवटी हेडफोन काढून फोनच्या स्पीकरवर ऐका. त्यात खालचे सूर जवळपास ऐकूच येत नाहीत, त्यामुळे तळ तपासायला तो कामाचा नाही. स्ट्रमिंगची लय शब्दांखाली ऐकू येते का एवढंच बघा. येत नसेल तर आधी फेडर (ट्रॅकच्या आवाजाची सरकपट्टी) 1 डीबी वर करून बघा, ईक्यूला नंतर हात लावा.