काउंटी क्लेअरच्या सहलीत या चुका टाळा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील काउंटी क्लेअरला जाणारे अनेक पर्यटक सकाळी डब्लिनहून सुटणाऱ्या बसने येतात, मोहरच्या समुद्रकाठच्या कड्यांवर दीड-दोन तास घालवतात, वाटेत बसच्या खिडकीतून राखाडी दगडांचे उघडेबोडके डोंगर पाहतात आणि रात्री डब्लिनला परततात. एवढ्यावर क्लेअर पाहून झाले असे समजणे हीच पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. या भागाचे सारे वेगळेपण त्याच्या खडकात आहे. तो खडक न समजल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका होतात. किमान दोन मुक्काम हाताशी असतील तरच इकडे यावे.

भारतातून जाणाऱ्यांची एक चूक घरीच होते. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे युरोपच्या सहलीसाठी काढलेला शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही. ब्रिटनच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तर त्यावर आयर्लंडलाही जाता येते, पण आधी ब्रिटनमध्ये प्रवेश केलेला असावा लागतो.

कड्यांवर चुकीच्या वेळी पोहोचणे

मोहर हे नाव आपल्याला आंब्याची आठवण करून देत असले तरी ते एका जुन्या पडक्या गढीच्या आयरिश नावावरून आले आहे. कडे पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या मागे असतो, त्यामुळे समोरची भिंत काळपट सावलीत राहते आणि छायाचित्रे बेचव येतात. सहलींच्या बसगाड्यांची गर्दीही दुपारच्या सुमारासच असते. उन्हाळ्यात तेथे संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो, म्हणून दुपारनंतरची वेळ आरक्षित करावी. धुके असेल तर लगेच पाठ फिरवू नये. समुद्रावरून आलेला ढग तासाभरात निघून जाण्याची शक्यता बरीच असते. पफिन पक्षी पाहायचे असतील तर एप्रिल ते जुलैचा पूर्वार्ध हाच काळ योग्य आहे. ऑगस्टमध्ये दुर्बीण घेऊन येणाऱ्यांच्या वाट्याला फक्त वारा येतो.

कुंपण ओलांडून टोकापर्यंत जाण्याचा मोह मात्र जीवघेणा आहे. सर्वांत उंच ठिकाणी, 1835 मध्ये बांधलेल्या ओब्रायन टॉवरजवळ, कडा 214 मीटर उंच आहे आणि तो वालुकाश्म व शेल (गाळापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) यांच्या थरांचा बनलेला आहे. मऊ शेल आधी झिजतो आणि वरचा थर छज्ज्यासारखा पुढे राहतो. त्यावर हिरवळ असल्यामुळे आपण पोकळीवर उभे आहोत हे वरून कळत नाही. डूलिन ते लिस्कॅनर या कड्यालगतच्या पायवाटेचे काही भाग अपघातांनंतर 2024 मध्ये बंद करण्यात आले, तेव्हा कोणता भाग खुला आहे हे निघण्यापूर्वी तपासावे. टोकावर जाण्यापेक्षा पायवाटेच्या कडेला उभ्या केलेल्या फरशांकडे पाहावे. त्यांवर गांडुळे वळवळत गेल्यासारख्या नागमोडी रेषा दिसतात. सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वी नदीमुखाजवळच्या गाळातून सरपटत गेलेल्या प्राण्यांच्या या खुणा आहेत. लिस्कॅनरच्या या दगडाच्या फरशा घरांच्या छपरांवरही घातल्या जात.

बरेनला माळरान समजणे

कड्यांच्या ईशान्येला बरेनचा चुनखडीचा प्रदेश आहे. त्याच्या आयरिश नावाचा अर्थच खडकाळ जागा असा होतो. हा खडक मोहरच्या थरांपेक्षा जुना असून उष्ण, उथळ समुद्राच्या तळाशी तयार झाला; प्रवाळांचे जीवाश्म त्यात बोटाने चाचपता येतात. पावसाच्या पाण्यात चुनखडी विरघळत जाऊन तिच्यात लांब, खोल भेगा पडतात. त्यांना ‘ग्राइक’ म्हणतात आणि मधल्या सपाट लाद्यांना ‘क्लिंट’. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा साधे कापडी बूट घालून या लाद्यांवरून चालू लागलो. दहाव्या मिनिटाला एक सुटी लादी पायाखाली खणखणली, कलली आणि माझा पाय घोट्यापर्यंत भेगेत गेला. पाय सोडवताना पाहिले तर आत ओलसर सावलीत हिरव्यागार नेच्यांची बागच होती, आणि वर मात्र गवताची काडीही नव्हती. घोट्याला आधार देणारे बूट घालावेत, लादी हलते का ते पाहून मगच भार टाकावा आणि पाऊस पडून गेल्यावर चाल निम्मी करावी.

फुलांच्या बाबतीत महिना चुकतो. आर्क्टिक व आल्प्सकडच्या वनस्पती आणि भूमध्य सागराकडच्या वनस्पती येथे शेजारी शेजारी वाढतात. गडद निळे स्प्रिंग जेन्शियन पाहायचे असेल तर मे महिना गाठावा लागतो. ही फुले गुरांमुळे टिकतात, हे अनेकांना खरे वाटत नाही. अन्यत्र गुरे उन्हाळ्यात डोंगरावर चढवतात, बरेनमध्ये ती हिवाळ्यात वर नेतात, कारण चुनखडी ऊब धरून ठेवते, पाण्याचा निचरा होऊन जमीन कोरडी राहते आणि उन्हाळ्यात आटणारे पाणीही तेव्हा मिळते. ‘विंटरेज’ नावाच्या या पद्धतीत गुरे रानगवत खाऊन टाकतात आणि वसंतात फुलांना उजेड मिळतो. चराई थांबली तर हेझलची झुडपे माजतात. म्हणून शेताचे फाटक जसे सापडले तसेच सोडावे.

नकाशावरचे तळे जागेवर सापडले नाही, तर रस्ता चुकलात असे समजू नका. ‘टर्लॉ’ नावाची ही तळी भूजल चढले की भरतात आणि उतरले की जमिनीत जिरून जातात. तळाशी उरते ते गवताचे कुरण.

पोलनाब्रोन येथील दगडी थडगे पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. 1980 च्या दशकातील उत्खननात तेथे तीसहून अधिक माणसांचे अवशेष मिळाले. हे थडगे पाहून हुरळलेले पर्यटक आसपासचे सुटे दगड उचलून स्वतःची छोटी थडगी रचतात. ही निरुपद्रवी हौस नाही. उचललेल्या प्रत्येक दगडाखालचे किडे आणि शेवाळ उघडे पडते, आणि पुढे खरी प्राचीन रचना कोणती हे ओळखणे अवघड होते.

रस्ते आणि बोटी

वाहन डावीकडूनच चालवायचे असल्यामुळे आपल्याला तो प्रश्न येत नाही. प्रश्न येतो रुंदीचा. दोन्ही बाजूंना दगडी गडगे असलेल्या रस्त्यांवर नकाशाने सांगितलेल्या वेळेत निम्मी भर घालावी आणि भाड्याची गाडी शक्य तितकी लहान घ्यावी. डूलिनहून अरान बेटांना जाणारी बोट समुद्र खवळला की रद्द होते, त्यामुळे ती शेवटच्या दिवशी ठेवू नये. बोट निघालीच नाही, तर डूलिनजवळच्या गुहेतील छतापासून लटकणारा सात मीटरहून लांब लवणस्तंभ पाहण्यात दुपार चांगली जाते. अरान बेटे क्लेअरमध्ये येतात असे पुष्कळ जण धरून चालतात, पण ती गॉलवे काउंटीत मोडतात.

संगीताच्या बैठकीला कार्यक्रम समजणे

डूलिन, एनिस किंवा मिलटाउन मॅल्बेच्या पबमध्ये कोपऱ्यात फिडल (व्हायोलिन) आणि कॉन्सर्टिना (हातात धरायचे भात्याचे वाद्य) घेऊन बसलेली मंडळी मुख्यतः एकमेकांसाठी वाजवत असतात. रात्री साडेनऊच्या आधी सहसा काही सुरू होत नाही. त्यांच्या खुर्च्यांवर बसू नये, फर्माईश करू नये, आणि कोणी एकट्याने गाणे सुरू केले तर बोलणे तेथेच थांबवावे. ग्लास टेबलावर ठेवतानाही आवाज होऊ नये अशी शांतता तेव्हा पबभर पसरते.