पावसाचा अंदाज आणि ब्रायर गुण: मी नववीला असं शिकवते

जून उजाडला की मुलांना रोज एकच प्रश्न देते: उद्या सकाळी साडेआठपर्यंत शाळेच्या पर्जन्यमापकात २.५ मिलिमीटर पाऊस जमेल का? हवामान खातं पावसाचा दिवस याच मापाने ठरवतं, त्यामुळे नंतर वाद होत नाहीत. उत्तर टक्क्यांत हवं, शाळा सुटण्याआधी, पेनाने.

गुण ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० साली मांडलेल्या रीतीने द्या. पडला तर १, नाही तर ०. अंदाज आणि हा आकडा यांतल्या फरकाचा वर्ग करायचा. ७० टक्के म्हटलं आणि पडला, तर ०.३ चा वर्ग ०.०९, कोरडा गेला, तर ०.४९. इथे कमी गुण म्हणजे चांगले, हे पहिला आठवडाभर सांगावं लागतं!

‘शंभर टक्के’ म्हणून चुकलं की पूर्ण १. एक मुलगी सलग तीनदा तशी चुकली, रडवेली झाली. तिला जवळ बसवून दाखवलं: रोज ५० लिहिणाऱ्यालाही ०.२५ मिळतात, तेवढ्याच्या खाली यायचं.

एका दिवसावरून कुणाला जोखू नका. महिनाभराची सरासरी काढा. मग ७० टक्के लिहिलेले दिवस वेगळे काढून त्यांतले खरंच किती भिजले, ते मुलांनाच मोजू द्या.