मुंबईत नवीन आलात? उपनगर निवडताना या चुका टाळा

दर जूनमध्ये नवी मुंबईतल्या आमच्या महापेच्या ऑफिसात नवी भरती होते आणि तेव्हापासून महिनाभर माझा फोन माझा राहत नाही. दिवसा पोरं विचारतात, "ताई, राहायला कुठे बघू?" संध्याकाळी त्यांच्या आयांचे फोन येतात ते वेगळेच. कुणी यवतमाळचं, कुणी लातूरचं, मधूनच एखादं पाटण्याचं नाहीतर कोट्टायमचं. प्रश्न तेच आणि चुकाही त्याच. सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. नव्या माणसानं पहिली दोन-तीन वर्षं अशा ठिकाणी काढावीत, जिथे कुठल्याच एका गटाची चलती नाही आणि 'मी अमुक ठिकाणी राहतो' असं सांगून कुणावर छाप पडत नाही. कोपरखैरणे, नेरूळचा जुना भाग, चेंबूरचं टिळकनगर, कुर्ल्याचं नेहरूनगर, भांडुप, मीरा रोड, वसई. ही नावं ऐकून चेहरे पडतात. पडू देत.

नकाशावर बोट ठेवून अंतर मोजणं

मला सगळ्यात जास्त छळणारी चूक ही. अकोल्याचा एक पोरगा होता. हुशार, पण घाई फार. त्यानं मोबाइलवर महापे ते शिळफाटा बघितलं, मधे फक्त पारसिकचा डोंगर, झालं. दोन मित्रांना गोळा केलं आणि शिळफाट्यापलीकडे कल्याण रस्त्यावरच्या टॉवरमध्ये टू बीएचके घेऊन मोकळा झाला. स्विमिंग पूल, जिम, क्लब हाउस, गेटवर सलाम ठोकणारा वॉचमन. घर बघायला गेले ते रविवारी दुपारी, ब्रोकरच्या एसी गाडीतून. रस्ता रिकामा. मला मेसेज आला, "ताई, वीस मिनिटं!!" दोन उद्गारचिन्हांसकट.

सोमवारी त्याला शिळफाटा कळला. जेएनपीटी बंदरातून निघालेले कंटेनर कळंबोली, तळोजा करत याच नाक्यावर येतात आणि मुंब्रा बायपासवरून ठाणे, भिवंडी, नाशिककडे जातात. कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबईत कामाला येणारी माणसंही याच नाक्यातून. एक ट्रेलर चढावर बंद पडला की मागची रांग हलायचं नाव घेत नाही. बायपासचं दुरुस्तीचं काम निघालं तर विचारूच नका. पोरानं आठवडाभर बाइक काढली, मग पाऊस लागला. मग दुसरा मार्ग धरला: संकुलाच्या बसनं डोंबिवली स्टेशन, तिथून गर्दीत लोंबकळत ठाणे, ठाण्याला ब्रिज चढून ट्रान्स-हार्बर, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी लोकल, कोपरखैरण्याला उतरून शेअर रिक्षा. डोंगराच्या अलीकडून पलीकडे यायला चार वाहनं! रोज दहा वाजता तो घामेजलेला खुर्चीत बसायचा आणि पहिला तास फक्त पंख्याकडे बघायचा. स्विमिंग पूलमध्ये एकदाच उतरला, तेव्हा डोक्याला टोपी नाही म्हणून बाहेर काढला.

दिवाळीआधी घर सोडलं. करारात लॉक-इन होता, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडायचं नाही अशी अट, तो कुणी वाचलाच नव्हता, त्यामुळे डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. आता तो कोपरखैरण्यात राहतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं माथाडी कामगारांना दिलेल्या घरांपैकी एकात, वरच्या मजल्यावर, वन आरकेमध्ये. डबा खाली राहणाऱ्या, साताऱ्याकडच्या पाटणच्या मावशींकडून येतो. लिफ्ट नाही, पूल नाही. ऑफिसला वेळेवर असतो.

तर घर रविवारी बघूच नका. मंगळवारी नाहीतर बुधवारी बघा. सकाळी साडेआठला त्या इमारतीच्या दारातून निघायचं आणि ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत घड्याळ लावायचं. संध्याकाळी सातला उलट. रिक्षाच्या रांगेत उभं राहिलेला वेळ, ब्रिज चढण्याचा वेळ, सगळा धरायचा. यावर मला उत्तर मिळतं, "ताई, एवढा वेळ कुणाकडे आहे?" अकरा महिन्यांचा करार करायला वेळ आहे, एक सकाळ नाही. यावर मी आता वाद घालत नाही.

'स्टेशनपासून पाच मिनिटं'

कुणाची पाच मिनिटं, ते ब्रोकरला विचारा. चालत जाऊन बघा.

आपली माणसं शोधत जाणं

ही चूक पोरांपेक्षा आई-वडिलांची. "ताई, डोंबिवलीतच बघा हो, आपली वस्ती आहे." डोंबिवलीवर माझा राग नाही. गणेश मंदिर संस्थाननं १९९९ मध्ये सुरू केलेली गुढीपाडव्याची शोभायात्रा मी स्वतः हौसेनं बघून आले आहे. पण मुलीचं ऑफिस गोरेगावला असताना केवळ शेजारीण मराठी बोलेल म्हणून तिला रोज दादरला गाडी बदलायला लावणं हा छळ आहे. मध्य रेल्वेच्या गर्दीला हलक्यात घेऊ नका. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लोंबकळणारी माणसं गाडीतून खाली पडली, त्यात जीव गेले. त्यात कामावर निघालेली माणसं होती.

आणि 'आपली वस्ती' हा प्रकार दुसऱ्या बाजूनं कसा असतो, तेही बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली गेली, त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, आपण सगळे पेटलो. पेटायलाच हवं होतं. पण 'फक्त शाकाहारी महाराष्ट्रीय कुटुंबास' अशा जाहिराती वाचताना आपल्याला काही खटकत नाही. माझ्या टीममधल्या एका मुलानं फोनवर आडनाव सांगितलं की फ्लॅट 'कालच गेलेला' असायचा. तोच फ्लॅट मी फोन केल्यावर रिकामा निघायचा. मुसलमान आहे, एवढाच त्याचा गुन्हा. शेवटी त्याला मीरा रोडला घर मिळालं. समोरच्या दारात वसईकडचं ख्रिस्ती कुटुंब, वर राजस्थानी, खाली कोकणातले निवृत्त कंडक्टर. तिथे कोण काय शिजवतं याची चौकशी करायला कुणाला फुरसत नाही.

मिश्र वस्तीचा फायदा मला असा वाटतो. कमिटीत जेव्हा एकाच गावची, एकाच जातीची नाहीतर एकाच जिभेची माणसं बसतात, तेव्हा नियम त्यांच्या सोयीचे होतात आणि नवा माणूस कायम पाहुणा राहतो. जिथे म्हात्रे, नायर, यादव, शेख आणि जाधव एकाच जिन्यानं चढतात, तिथे कुणाचंच पूर्ण चालत नाही, आणि त्यातच तुमचं चालून जातं. दुसरं म्हणजे पोट. कोपरखैरण्यात सकाळी सायकलवर भोंगा वाजवत इडलीवाला येतो, रात्री दहानंतरही कुठेतरी भाकरी मिळते. जुन्या गावांतल्या आगरी बायका मासळी घेऊन बसतात, आणि मार्केट यार्डातला माल जवळच असल्यानं भाजी बरी मिळते. एका साच्याच्या वस्तीत दुकानंही एकाच साच्याची असतात.

घर बघणं आणि नोटिस बोर्ड न वाचणं

लोक मला हसतात, पण मी फ्लॅटमध्ये शिरायच्या आधी खाली दोन गोष्टी वाचते. एक, जिन्याखालच्या पत्रपेट्यांवरची आडनावं. ती वाचली की ब्रोकर 'कॉस्मो सोसायटी', म्हणजे सगळ्या जातीधर्मांची, म्हणतो त्यात किती तथ्य आहे, ते एका मिनिटात कळतं. दोन, नोटिस बोर्ड. 'पाणी सकाळी ६ ते ७.३०', 'टाकी सफाई शनिवारी', 'गणपतीची वर्गणी' असं असेल तर नांदायला बरी इमारत. 'बॅचलर्सना फ्लॅट देऊ नये', 'कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये', 'डिलिव्हरी बॉयनी मागच्या जिन्यानं यावं' असं असेल तर मी वर न जाताच परत फिरते. आज बाईला लिफ्ट नाही, उद्या तुमच्याकडे आलेल्या मित्राला गेटवर थांबवतील.

भाडेकरू म्हणून सोसायटीनं जादा पैसे मागितले तर एक गोष्ट माहीत असू द्या. मालकानं स्वतः न राहता फ्लॅट भाड्यानं दिला म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि ते मालकानं भरायचं असतं.

स्वस्त आहे म्हणून डोळे मिटून गावठाणात जाणं

साधी वस्ती घ्या म्हणते, याचा अर्थ काहीही घ्या असा नाही. घणसोली, तळवली, बोनकोडे, खैरणे या गावांत 'गरजेपोटी बांधलेली' घरं आहेत. प्रकल्पग्रस्तांनी आपल्याच जमिनीवर चार-चार मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. त्यांची बाजू मला पटते. सिडकोला जमिनी देऊन बसलेल्या माणसानं करायचं काय? भाडंही परवडतं, माणसंही जीव लावणारी. पण काही गल्ल्यांत समोरच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर आपल्या खिडकीला लागतो आणि अग्निशमनची गाडी आत शिरू शकत नाही. खोली घ्यायचीच तर गल्लीच्या तोंडाशी घ्या, आणि जिन्यात मीटरच्या वायरी कशा लोंबतायत ते बघा.

पाणी मालकाला विचारणं

मालक सांगतो चोवीस तास. वॉचमन सांगतो ते खरं. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे दिघा ते बेलापूर पट्ट्यात बरंच बरं. खाडी तीच, हवा तीच, पण खारघर-कामोठ्याकडे गेलात की उन्हाळ्यात टँकर दिसायला लागतात. बेलापूरहून खारघर एकच स्टेशन पुढे आहे, हे लक्षात ठेवा.

पावसाळा न बघता तळमजला घेणं

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आता नव्या पोरांना इतिहासासारखं वाटतं. गल्लीतल्या किराणा दुकानात जा आणि सगळ्यात खालची फळी बघा. तिच्यावर तांदळाच्या गोण्या ठेवल्या असतील तर ठीक. फळी रिकामी असेल, किंवा फ्रीज विटांवर चढवलेला असेल, तर दुसरी गल्ली बघा.

हवा न विचारणं

चेंबूर मला आवडतं. कॅम्पातले सिंधी, स्टेशनजवळचे तमिळ, टिळकनगरातल्या म्हाडाच्या इमारती, सगळं हाकेच्या अंतरावर. पण माहुलच्या बाजूला रिफायनऱ्या आहेत आणि देवनारच्या बाजूला कचराभूमी, जी जानेवारी २०१६ मध्ये दिवसचे दिवस धुमसत होती. दमा असेल तर रात्री एकदा जाऊन उभे राहा आणि मग ठरवा.

विरार गाडीत चढून बोरिवलीला उतरू, असं समजणं

नका समजू. विरारला जाणाऱ्यांच्या गर्दीतून दारापर्यंत पोचताच येत नाही.

आल्या आल्या विकत घेणं

पहिला पगार झाला की बँकेचा फोन येतो आणि पोरांना बुकिंगची घाई होते. "ताई, रेरा नंबर आहे ना!" रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांची सरकारी नोंदणी. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली होती, उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडायचे आदेश दिले. कर्जाचे हप्ते भरणारी कुटुंबं आत राहत होती. नालासोपाऱ्यात आरक्षित जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारतींवर तर प्रत्यक्ष बुलडोझर फिरला. म्हणून आधी भाड्यानं राहा, परिसर कळू द्या. नंतर घ्यायचं ठरलं तर बिल्डरनं दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन परवानगीचा क्रमांक जुळवून घ्या. एक सुट्टी जाईल. जाऊ दे.

नोटरीवर भागवणं

ब्रोकर म्हणतो, "नोटरी करून टाकू, खर्च वाचेल." खर्च वाचतो तो मालकाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुमचा हा भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल आणि भांडण झालं, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. हे मालकाला हसत हसत सांगितलं की तो स्वतःच तयार होतो. आता कचेरीत जायचीही गरज नाही. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. मालक म्हातारे असतील तर बोटाचे ठसे जुळायला तासभर लागतो, तेवढा चहा ठेवा. लॉक-इन आणि डिपॉझिट परतीचं कलम अंगठा लावायच्या आधी स्वतः वाचा. नोंदणीकृत कराराची प्रत मेलमध्ये जपून ठेवा. गॅसच्या जोडणीला, बँकेत, पासपोर्टला पत्ता म्हणून तीच लागते.