पावसावरचा एक तास: विषय घेऊन केलेल्या अल्टरनेटिव्ह रेडिओ शोसाठी गाणी कशी निवडावीत

मृग लागला की सगळीकडे पावसाची गाणी वाजू लागतात, आणि दर वर्षी बहुतेक तीच वाजतात. मी एका छोट्या स्टेशनवर आठवड्यातून एक तास अल्टरनेटिव्ह आणि इंडी, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या, संगीताचा कार्यक्रम करते. प्रत्येक तासाला एकच विषय असतो: रात्रपाळी, टेलिफोन, बहिणी, शेवटची लोकल. हे काम नव्याने करू पाहणारी मुलंमुली पहिला प्रश्न विचारतात, ‘गाणी शोधता कुठे?’ शोधण्याचं काही वाटत नाही. ‘रेन’ एवढा शब्द टाकला की शेकडो गाणी समोर येतात. खरा कस लागतो तो त्यांतली बारा ठेवताना, आणि कोणाच्या पुढे कोण वाजणार हे ठरवताना. गाणी सुटी निवडू नयेत, जोडीने निवडावीत, असं माझं ठाम मत आहे. पावसाचाच तास घेऊन सांगते.

१. विषयातून एक प्रश्न काढा

‘पाऊस’ एवढ्यावर भागत नाही. तो नुसता शब्द झाला, आणि शब्दावर बेतलेला तास वीस मिनिटांत कंटाळवाणा होतो. त्या शब्दाला एक प्रश्न विचारा. मी विचारला: पाऊस कोणाला हवा आहे आणि कोणाला नको?

हा प्रश्न आपल्याला आपसूक सुचतो, कारण आपला पाऊस वाट पाहून आलेला असतो. तो लांबला की जीव टांगणीला लागतो. ब्रिटिश गिटार बँडांच्या गाण्यांत मात्र पाऊस म्हणजे बहुतेकदा विरस, उदासी, फुकट गेलेली सुट्टी. एका भाषेत सुटकेचा आणि दुसऱ्या भाषेत वैतागाचा असा हा पाऊस एकाच तासात आणला की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. हाच तास जूनमध्ये करायचा की सप्टेंबरच्या शेवटी, यावरही गाणी बदलतात. जूनमध्ये आतुरता चालते. सप्टेंबरपर्यंत लोकांना ओल्या चपलांचा आणि न वाळणाऱ्या कपड्यांचा वीट आलेला असतो.

विषय असला म्हणून एकाच काळातली किंवा एकाच धाटणीची गाणी घ्यायला हवीत असं नाही. बॉब डिलन २००६ ते २००९ या काळात अमेरिकेतल्या उपग्रह रेडिओवर विषय घेऊनच कार्यक्रम करत. त्याच्या पहिल्या भागाचा विषय होता हवामान. जुने ब्लूज, रॉक, सगळं एकाच पंगतीला बसत असे. विषयामुळे ही मोकळीक मिळते, ती घ्या.

२. चाळीस गाण्यांची कच्ची यादी करा, पण कप्पे पाडून

पहिला कप्पा नावातच पाऊस असलेल्यांचा. तो लगेच भरतो. द कल्टचं ‘रेन’ (१९८५), द जीझस अँड मेरी चेनचं ‘हॅपी व्हेन इट रेन्स’ (१९८७), द क्युअरचं ‘प्रेअर्स फॉर रेन’ (१९८९), गार्बेजचं ‘ओन्ली हॅपी व्हेन इट रेन्स’ (१९९५), ट्रॅव्हिसचं ‘व्हाय डझ इट ऑल्वेज रेन ऑन मी?’ (१९९९). या कप्प्यातली पाचसहा गाणीच अंतिम यादीत जाऊ द्या.

दुसरा कप्पा पावसाच्या शेजारपाजारचा: नदी, पूर, धरण, दुष्काळ, बंद पडलेले फोन, थांबलेल्या गाड्या. इथे इंडियन ओशन या बँडचं ‘मां रेवा’ येतं, ‘कंदिसा’ (२०००) या अल्बममधलं. नावात पावसाचा मागमूस नाही, पण नर्मदेचं गाणं पावसाच्या तासात पाहुणं कसं ठरेल? आपल्या नंदुरबारच्या सीमेवरून वाहणारी ही नदी. तिच्या खोऱ्यातल्या धरणाबद्दल आणि विस्थापनाबद्दल आपल्याकडे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे गाणं निराळंच ऐकू येतं.

तिसरा कप्पा नुसत्या नादाचा. शब्द काहीही असोत, ऐकताना भिजल्यासारखं वाटलं पाहिजे. कॉक्टो ट्विन्सची गाणी मी इथे ठेवते. त्यांची गायिका एलिझाबेथ फ्रेझर हिचे शब्द पुष्कळदा कळतच नाहीत, आवाज आणि घुमणारी गिटार तेवढी अंगावर येते. मराठी श्रोत्याला इंग्रजी कळतं की नाही हा प्रश्नच इथे उरत नाही.

चौथा कप्पा आपल्या मातीचा. आपल्या पावसात आषाढी वारी आहे. मुंबईचा अभंग रिपोस्ट हा बँड अभंगांना गिटार, बेस आणि ड्रम्सची जोड देतो. पावसाच्या तासाचा शेवट त्यांच्यापाशी करावा असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

कप्पे पाडले की कधीकधी आतली एखादी वीण दिसू लागते. द जीझस अँड मेरी चेन ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइडचे. ट्रॅव्हिस ग्लासगोचे. गार्बेज हा बँड अमेरिकेचा, पण त्याची गायिका शर्ली मॅन्सन एडिंबरोची. कॉक्टो ट्विन्स ग्रेंजमाउथचे. सगळे स्कॉटलंडचे! मी काही हे शोधायला गेले नव्हते, यादी कागदावर उतरवली तेव्हा ते दिसलं. म्हणून यादी कागदावर करा, गावांसकट आणि वर्षांसकट.

३. शब्द नीट वाचा

नाव फसवतं. ब्लाइंड मेलनचं ‘नो रेन’ (१९९२) दुष्काळावरचं समजून कोणी लावलं तर घोटाळा होईल. ते एका रिकाम्या, कंटाळलेल्या जिवाचं गाणं आहे. मराठवाड्यात टँकर फिरत असताना त्याला ‘पाऊस नाही’ या अर्थाने वाजवणं मला पटणार नाही.

उलट काही गाण्यांत नावापेक्षा जास्त दडलेलं असतं. आर.ई.एम.चं ‘साउथ सेंट्रल रेन’ (१९८४) म्हणजे न आलेल्या फोनची वाट. दिल्लीच्या परिक्रमा या बँडचं ‘बट इट रेन्ड’ हे नव्वदच्या दशकातलं, आणि त्यामागे काश्मीरमधल्या अपहरणांची पार्श्वभूमी आहे. हे माहीत नसेल तर ते एक सुरेख हळवं रॉक गाणं वाटतं. माहीत झाल्यावर निवेदनातला आवाज आपोआप खाली येतो.

४. जोड्या लावा

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देते, आणि तुम्हीही द्या. एका तासाच्या कार्यक्रमासाठी माझी एक अख्खी संध्याकाळ जाते.

प्रत्येक गाण्याची शेवटची वीस सेकंदं आणि सुरुवातीची वीस सेकंदं वेगळी ऐका. समोर वही ठेवा. लिहा: एकदम थांबतं की विरत जातं? आधी आवाज येतो की वाद्य? गिटार कोरडी आहे की घुमणारी? बीटल्सचं ‘रेन’ (१९६६) घ्या. शेवटाकडे गाणं क्षणभर थांबल्यासारखं होतं, पुन्हा उसळतं आणि उलटा फिरवलेला आवाज ऐकू येतो. त्या काळी ही करामत नवी होती. असा शेवट विरत असताना त्यावर लगेच दुसरी खणखणीत गिटार आदळली तर ती जादू वाया जाते. तिथे दोन सेकंद मोकळी सोडा, मग हळू उघडणारं काहीतरी येऊ द्या. ‘प्रेअर्स फॉर रेन’मध्ये गायकाचा आवाज यायला बराच वेळ लागतो, गिटार आधी वातावरण बांधते. ही जोडी जमली.

आता अर्थाची जोडी. ‘साउथ सेंट्रल रेन’ला न आलेला फोन, ‘बट इट रेन्ड’ला न परतलेलं माणूस. एक अमेरिकेतल्या जॉर्जियाचं, एक दिल्लीचं. ही दोन एकापाठोपाठ लावली आणि मध्ये मी एक शब्दही बोलले नाही. बोलून काय सांगणार होते?

मात्र प्रत्येक जोडी शेजारी बसवायची नसते. ‘हॅपी व्हेन इट रेन्स’ आणि ‘ओन्ली हॅपी व्हेन इट रेन्स’ ही दोन मी आधी लागोपाठ ठेवली होती. नावं जवळजवळ तीच, मध्ये आठ वर्षांचं अंतर. ऐकून पाहिलं तर दुसरं गाणं पहिल्याची नक्कल वाटू लागलं, आणि गार्बेजवर तो अन्याय होता. मग मेरी चेन सुरुवातीला नेलं आणि गार्बेज तासाच्या मध्यावर आणलं. अर्ध्या तासापूर्वी ऐकलेलं वाक्य आता एका बाईच्या आवाजात, वेगळ्या ठसक्यात परत आलं, तेव्हा ते उत्तरासारखं वाटलं. त्यानंतर लगेच ट्रॅव्हिस, म्हणजे पावसात सुखावणाऱ्या बाईपाठोपाठ पावसाने गांजलेला माणूस. पहिल्या पायरीवर विचारलेला प्रश्न इथे आपोआप ऐकू येतो.

लागोपाठ तीन संथ गाणी नकोत, सलग तीन पुरुषी आवाजही नकोत. एवढं पाळलं की बाकी कानावर सोडा. नियम मोडायचा तर मनापासून मोडा. बीबीसी रेडिओ वनवर १९६७ ते २००४ कार्यक्रम करणाऱ्या जॉन पील यांनी १९७८ साली अंडरटोन्स या बँडचं ‘टीनेज किक्स’ सलग दोनदा वाजवलं. कारण एकच, ते गाणं त्यांना इतकं आवडलं होतं.

५. कोणती आवृत्ती?

अल्बममधली, सिंगलची (सुटी काढलेली), लाइव्ह, नव्याने मास्टर केलेली (जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने घोटलेली). वाजवणार तीच फाइल शेवटपर्यंत ऐका. शिव्या असतील तर स्टेशनचा नियम विचारा. लाइव्ह आवृत्तीत टाळ्या कुठे संपतात ते बघा. आणि दुसऱ्याच कोणीतरी केलेलं कव्हर मूळ म्हणून साठवलेलं नाही ना, हेही.

६. मिनिटांचा हिशेब

साठ मिनिटांतून जिंगल आणि सूचनांची चार मिनिटं काढा, निवेदनाची नऊ. उरली सत्तेचाळीस. सरासरी चार मिनिटांचं गाणं धरलं तर अकरा, फार तर बारा. ‘प्रेअर्स फॉर रेन’सारखं सहा मिनिटांच्या वरचं एखादं घेतलं की अकरावरच थांबावं लागतं. क्यू शीटवर, म्हणजे गाण्यांचा क्रम लिहिलेल्या कागदावर, चार रकाने पुरतात: गाणं, लांबी, सुरुवातीच्या वाद्यांची सेकंदं, शेवट कसा. सुरुवातीची सेकंदं लिहायची ती अशासाठी की त्यावर बोलायचं असेल तर गायकाच्या पहिल्या शब्दाआधी तोंड मिटता यावं. गायकाच्या शब्दावर स्वतःचा आवाज जाऊ देऊ नका.

७. आवाज सारखे करा

१९६६ चं रेकॉर्डिंग आणि १९९५ चं रेकॉर्डिंग यांच्या आवाजात बराच फरक असतो. श्रोत्याला दर गाण्याला बटण फिरवावं लागलं तर तो स्टेशनच बदलेल. युरोपातल्या प्रसारणात लाउडनेससाठी, म्हणजे आवाज कानाला किती मोठा वाटतो यासाठी, उणे २३ एलयूएफएस (ते मोजण्याचं एकक) हा मापदंड वापरतात. तुमच्या स्टेशनचा आकडा वेगळा असेल, तर तो विचारून सगळ्या फाइल त्यावर आणा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर हे होतं.

८. परवानगी

गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल अशा संस्था आपल्याकडे आहेत. तुमच्या स्टेशनचा परवाना कशाकशाला लागू होतो, हे गाणी निवडण्याआधी विचारा. स्वतःचं संगीत स्वतःच काढणाऱ्या छोट्या बँडांना सरळ पत्र लिहा. कार्यक्रम कधी, किती मिनिटं, नंतर इंटरनेटवर राहणार का, हे स्पष्ट सांगा. सामुदायिक रेडिओवर असाल तर निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हायला हवा असा नियम आहे, आणि तो आपल्या फायद्याचा आहे. गावातल्या कॉलेजच्या बँडला, एखाद्या एकट्या गिटारवाल्याला त्या तासात जागा द्या.

९. गाण्यामागे एकच गोष्ट सांगा

माहिती खूप गोळा करा, सांगताना मात्र एका गाण्याला एक. ट्रॅव्हिसचा फ्रॅन हीली ऊन शोधत इस्रायलला गेला आणि तिथेही पाऊस लागला, त्यातून ते गाणं आलं. किंवा १९९९ च्या ग्लास्टनबरी महोत्सवात त्यांनी ते सुरू केलं आणि खरंच पाऊस आला. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, म्हणून एक निवडा. आर.ई.एम.ने ‘साउथ सेंट्रल रेन’ १९८३ मध्ये अमेरिकन टीव्हीवर वाजवलं तेव्हा त्याला अजून नावही नव्हतं, एवढंच सांगितलं की श्रोता गाणं पुढे झुकून ऐकतो. निवेदन लिहून काढा, पण वाचू नका. बँडांची नावं आधी मोठ्याने चारदा म्हणा.

१०. पहिलं आणि शेवटचं

पहिलं गाणं ओळखीचं असावं, म्हणजे माणूस थांबतो. अनोळखी नाव तिसऱ्या जागेवर आणा. शेवटचं गाणं मी सगळ्यात आधी ठरवते. त्या तासाचा शेवट अभंगाने केला, कारण तोवर पाऊस हवा की नको हा वाद गाण्यांमधून पुरता झडलेला होता, आणि वारकरी तर पावसातूनच चालत असतात. शिवाय एक तीन मिनिटांचं गाणं राखीव ठेवा. वेळ उरला तर लावता येतं, नाही उरला तर वगळलं तरी कशाची वीण उसवत नाही.

चाळिसातली उरलेली अठ्ठावीस-एकोणतीस गाणी पुसून टाकू नका. त्यांच्यावर तारीख घाला आणि वहीत ठेवा. माझ्या यादीत उरलेल्यांपैकी नऊ गाणी थांबलेल्या गाड्यांची आणि रिकाम्या फलाटांची निघाली. शेवटच्या लोकलचा तास मी त्यातूनच बांधला.