नवीन प्राध्यापक रुजू होण्याआधी कामांची एक वही सुरू करा

पुढच्या सत्रात विभागात दोन नवीन सहायक प्राध्यापक येणार आहेत. मागच्या खेपेला मी विभागप्रमुख असताना एक हुशार सहकारी तिसऱ्याच वर्षी सोडून गेली. तिच्या समाजातून आमच्या विभागात आलेली ती पहिलीच, आणि माझ्याखेरीज एकटीच बाई. ती गेली त्यात माझी चूक मोठी होती, म्हणून या वेळी सगळं आधी लिहून काढते आहे.

नेमणुकीचं पत्र, खोली, संगणक, ओळखपत्र ही कामं कार्यालय करतंच. प्रयोगशाळेचं मात्र कार्यालयावर सोडू नका. 'जागा लवकरच देऊ' याला काही अर्थ नाही. कोणती खोली, किती ओटे, फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट) चालू आहे की नुसता भिंतीला टेकवलाय, उणे ८० अंशाच्या फ्रीझरचा भार तिथली वायरिंग पेलेल का, हे स्वतः जाऊन बघा आणि तारखेसह लिहून द्या. जागा टेपनं मोजा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांना झेब्राफिश या छोट्या माशांवरच्या संशोधनासाठी जागा हवी होती, मिळेना. शेवटी त्यांनी टेप घेऊन प्रयोगशाळाच मोजल्या आणि पुरुष सहकाऱ्यांकडे जास्त जागा असल्याचं दाखवून दिलं. १९९९ च्या अहवालात संस्थेला विज्ञान शाखेतला भेदभाव मान्य करावा लागला. नव्या माणसावर ही मोजणी करायची वेळ येऊ देऊ नका.

आता वही. नवे लोक रुजू व्हायच्या आधीच सुरू करा. विभागातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक पान, त्यावर समित्या, प्रवेशाचं काम, पाहुण्यांची सरबराई, विद्यार्थ्यांचं समुपदेशन, सगळं तासांसकट. मी अशी वही ठेवली नव्हती. ती सहकारी राजीनामा द्यायला आली तेव्हा तिनं एक कागद माझ्यासमोर ठेवला. पेन्सिलीनं लिहिलेल्या पाच समित्या. त्यातल्या तीन समित्यांवर मीच तिला घेतलं होतं, आणि तिन्ही वेळा म्हणाले होते, 'अगं, तासाभराचं तर काम आहे.' पाचव्या समितीखाली तिनं लिहिलं होतं: दारात येऊन रडणारे विद्यार्थी, आठवड्याला सहा तास. ते मला ठाऊकच नव्हतं. आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारखं बोलणारी एकच प्राध्यापिका असेल तर मुलं तिच्याकडेच जाणार, आणि तिला त्यांना परत पाठवणं जमणार नाही. प्रत्येक समितीला 'प्रतिनिधित्व' हवं असतं आणि प्रतिनिधी एकच असतो. मानसशास्त्रज्ञ अमादो पादिया यांनी १९९४ मध्ये याला 'सांस्कृतिक कर' म्हटलं. कर भरणाऱ्याला निदान पावती तरी मिळते; ती पावती म्हणजे ही वही.

'तिनं नाही म्हणायचं होतं' असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ज्याच्या हातात बढती आहे त्याला नवा माणूस नाही म्हणत नसतो. शिवाय २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की स्त्री-पुरुष एकत्र असले की बढतीला उपयोग नसलेली कामं बायकाच जास्त अंगावर घेतात, आणि त्यांनाच जास्त विचारलंही जातं. गटात सगळे पुरुष असले की तेच काम पुरुष, सगळ्या बायकांच्या गटाइतक्याच वेळा उचलतात. तेव्हा कोण तयार आहे असं बैठकीत विचारूच नका. वही उघडा, ज्याचं पान रिकामं त्याचं नाव घाला. पहिली दोन वर्षं नव्या माणसाच्या वतीनं नाही म्हणायचं काम विभागप्रमुखाचं.

शिकवणं: पहिल्या सत्रात एकच विषय, तोही ज्याची टिपणं-स्लाइड्स तयार आहेत असा. मार्गदर्शक दोन हवेत. एक त्याच विषयातला, संशोधन-निधीच्या प्रस्तावाचा मसुदा ओळ न् ओळ वाचणारा. दुसरा विभागाबाहेरचा, ज्याचं बढतीत मत नाही, म्हणजे त्याच्याशी मोकळेपणी बोलता येईल. नुसती नावं जोडून देऊ नका, पहिल्या तीन भेटींच्या तारखा ठरवूनच द्या. आणि हो, मार्गदर्शकाचे तासही वहीत.

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे आकडे जसेच्या तसे धरू नका. २०१५ च्या एका प्रयोगात ऑनलाइन वर्गातल्या शिक्षकांची नावं अदलाबदल केली, तेव्हा शिक्षक पुरुष आहे असं वाटल्यावर गुण वाढले. शिकवणारी व्यक्ती कोणीही असो. एखाद्या सहकाऱ्यानं वर्गात बसून लेखी नोंद करावी.

वर्षाला एकदा लेखी आढावा: काय पुरेसं आहे, काय कमी पडतंय, स्पष्ट शब्दांत. 'छान चाललंय' हे आढाव्यात बसत नाही. समोर वही उघडी ठेवून बोला. मी दोन वर्षं 'छान चाललंय' म्हणत राहिले.

बाळंतपणाची किंवा आजारपणाची रजा झाली तर बढतीची मुदत वाढवा आणि बाहेरच्या परीक्षकांना पत्रात लिहा की वाढीव वर्ष मोजायचं नाही. नाहीतर ते शोधनिबंध मोजून वर्षांनी भागतात.

बढतीचा अर्ज: नमुना म्हणून जुने मंजूर अर्ज दाखवा, परीक्षकांची नावं वेळेत मागवा, वहीतलं पान अर्जाला जोडा.

बाहेरून नोकरीचं पत्र आल्यावर धावाधाव करू नका, तोवर माणूस मनानं गेलेला असतो. काय कमी पडतंय ते त्याआधीच विचारा. वही आजच आणा.